रक्ताच्या रिपोर्टवरून जबड्याचं हाड झिजतंय हे कळतं का?

तापीकाठ

राम राम मंडळी. आरोग्य विभागात धागा काढतोय, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

आई, वय ५८, राहणार शिरपूर तालुक्यात. खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत. ब्रश करताना रक्त येतं. दादर ज्वारीची भाकरी समोरच्या दातांनी तोडणं तिने कधीच बंद केलंय, आता दुधात कुस्करून खाते. शुगर बऱ्याच वर्षांची. गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी बघितलं, ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला आणि म्हणाले, "पायरिया आहे, दातांभोवतीचं हाड खाली गेलंय. टप्प्याटप्प्याने खोल सफाई करावी लागेल."

तोवर मेव्हण्याने परस्पर एका लॅबचं 'हाडांचं पॅकेज' करून आणलं. कॅल्शियम ९.४, म्हणजे नॉर्मल. ड जीवनसत्त्व १४, कमी. अल्कलाइन फॉस्फेटेज १३८, त्यापुढे वर जाणारा बाण. सॅम्पल न्यायला आलेला पोरगा सांगून गेला, "हाड झिजतं तेव्हा हा आकडा वाढतो, जबड्याचंच असणार." आता मेव्हणा म्हणतो आधी तीन महिने हाडांच्या गोळ्या घेऊ, आकडा उतरला की दातांचं बघू. खरंच असं असतं का? रक्तातून जबड्याचं हाड कळतं का?

---

केळीबाग_रावेर

भाऊ, आमच्याकडे बाभळीची काडी आणि मिठाचं पाणी. आजोबांचे सगळे दात शेवटपर्यंत शाबूत. कॅल्शियम मात्र सुरू करा, नुकसान तर नाही ना.

---

हिरडीवाला

मी हिरड्यांचाच डॉक्टर, जळगाव जिल्ह्यात प्रॅक्टिस. आईंना न तपासता निदान करणार नाही, पण रिपोर्टबद्दल बोलायला हरकत नाही.

अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम लिव्हरमधून येतं, पित्तनलिकेतून येतं, हाडातून येतं. १३८ हा आकडा यातलं कोणतं ते सांगत नाही. ड जीवनसत्त्व १४ असेल तर तेवढ्यानेही तो थोडा चढू शकतो. आणि जबड्याचा हिशोब बघा. मोठ्या माणसाच्या अख्ख्या सांगाड्यातलं साधारण दहा टक्के हाड दर वर्षी मोडून नवं घातलं जातं. मणके, खुबा, मांड्या, सगळं मिळून. त्या उलाढालीत दोन दातांच्या मुळांशी गेलेलं चार-पाच मिलिमीटर हाड रक्तात कुठे दिसणार? त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टमध्ये हाडाचा कोणताही आकडा चढला म्हणून जबडा झिजतोय असं म्हणता येत नाही, आणि सगळे आकडे नॉर्मल आले म्हणून जबडा ठीक आहे असंही नाही. रक्तातलं कॅल्शियम तर शरीर काहीही करून जागेवर ठेवतं. पायरियाच्या पेशंटचं ते नॉर्मलच येतं.

ड जीवनसत्त्व कमी आहे ते भरून काढा, त्यासाठी फिजिशियनला भेटा. पण त्याची वाट बघत सफाई तीन महिने पुढे ढकलू नका. हाड खातंय ते कीटाखाली माजलेल्या जंतूंमुळे पेटलेलं सुजेचं प्रकरण. गोळीने कीट निघत नाही. रावेरवाल्या भाऊंनी रागावू नये, काडीनेही हिरडीखालचं कीट निघत नाही.

---

तापीकाठ

धन्यवाद सर. मेव्हण्याला स्क्रीनशॉट पाठवला 😀

पण मग मी नेटवर वाचलं ते काय? 'एमएमपी-८' नावाची टेस्ट, गुळणी करायची आणि पाच मिनिटांत हाड झिजतंय का ते कळतं. परदेशात करतात म्हणे. तसलं आपल्याकडे करून मिळेल का? आईला रक्त देण्यापेक्षा गुळणी बरी.

---

परीक्षानळी

यावर मी लिहिते. बायोकेमिस्ट्रीवाली आहे, हिरडीच्या पाण्यावर बरंच काम केलंय. जरा लांबेल.

रक्तात सापडत नाही ते हिरडीच्या कडेला सापडतं. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीक खाच असते, तिच्यात पाझरणाऱ्या द्रवाला जीसीएफ म्हणतात. हिरडी निरोगी असेल तर तो जवळजवळ नसतोच. सूज आली की पाझर वाढतो आणि आत जे काही मोडतंय त्याचे तुकडे त्यात उतरतात.

घेतात कसा? दात कापसाने कोरडा करायचा, लाळ लागू द्यायची नाही, आणि शोषकागदाची बारीक पट्टी खाचेच्या तोंडाशी साधारण तीस सेकंद धरायची. पट्टीवर येतो तो द्रव बहुतेक वेळा एका मायक्रोलिटरच्या आतबाहेर. थेंब म्हणावा इतकाही नाही. डोळ्यांनी पट्टीचं टोक फक्त किंचित गडद झालेलं दिसतं. त्यात रक्ताचा लालसर डाग आला तर पट्टी फेकायची, कारण मग हिरडीचं नाही, रक्ताचंच मोजमाप होतं. पट्टी लगेच एका यंत्राच्या दोन पत्र्यांमध्ये ठेवून द्रव किती ते मोजतात. उशीर झाला तर उडून जातो. आपल्याकडच्या मे महिन्यात, एसी बंद असेल तर, विचारूच नका.

आता त्यात शोधायचं काय? ढोबळमानाने तीन पायऱ्यांवरच्या खुणा, म्हणजे मार्कर, आहेत. पहिली पायरी सुजेची: इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा, प्रोस्टाग्लँडिन ई२. हे सांगतात की शरीर जंतूंवर चवताळलंय. हाड मोडतंय का, ते हे नक्की सांगत नाहीत. दुसरी पायरी मऊ ऊतक फाडणाऱ्या एन्झाइमची. एमएमपी-८ इथे बसतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ते सोडतात आणि ते कोलॅजन कापतं. दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू कोलॅजनचेच. (असलं कोलॅजन कापणारं एन्झाइम १९६२ मध्ये ग्रॉस आणि लापिएर यांना पहिल्यांदा सापडलं ते बेडकाच्या पिलाच्या शेपटीत. पिलाचा बेडूक होताना शेपूट विरघळते कशी, हे ते शोधत होते. मला हा किस्सा फार आवडतो.)

तिसरी पायरी खुद्द हाडाची. हाड खाणाऱ्या पेशी तयार व्हायला रँकएल हा संदेश लागतो, आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं प्रथिन तो संदेश मधल्यामध्ये पकडून निकामी करतं. पायरियात पहिलं वाढतं, दुसरं पुरत नाही. म्हणून दोघांचं गुणोत्तर बघतात. शिवाय आयसीटीपी, म्हणजे हाडातलं कोलॅजन मोडल्यावर सुटणारा त्याच्या शेपटाकडचा तुकडा. धाग्याच्या प्रश्नाचं सर्वांत थेट उत्तर याच्याकडे आहे, कारण तो हाड मोडल्याशिवाय सहसा सुटत नाही. ऑस्टिओकॅल्सिनही मोजतात, पण ते हाड बांधणाऱ्या पेशींकडून येतं, त्यामुळे वाढलं तर मोडतोड की दुरुस्ती, असा घोळ राहतो.

एक गोम आहे, ती पेपर वाचणाऱ्यांच्याही नजरेतून सुटते. सूज वाढली की द्रवही वाढतो. म्हणजे पट्टीवर आलेला एकूण मार्कर दुप्पट झाला आणि द्रव चौपट झाला, तर दर मिलिलिटरला मोजलेला आकडा चक्क अर्धा दिसतो! रोग वाढतोय आणि आकडा उतरतोय. म्हणून कोणी जीसीएफचा आकडा दाखवला की आधी विचारायचं, तीस सेकंदांत एकूण किती की दर मिलिलिटरला किती. हे न लिहिलेला आकडा मी तरी वाचत नाही.

गुळणीची टेस्ट खरी आहे. हेलसिंकी विद्यापीठातल्या टिमो सोर्सा यांच्या गटाचं त्यामागे बरंच काम आहे, पेरिओसेफ नावाने जर्मन कंपनी किट विकते. एमएमपी-८ चं फक्त चालू झालेलं, म्हणजे सक्रिय रूप ती पकडते. गुळणीत २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा जास्त असेल तर प्रेग्नन्सी टेस्टसारखी दुसरी रेघ उमटते. पण गुळणी अख्ख्या तोंडाची असते, कोणता दात ते ती सांगत नाही. आणि ती हाडाची टेस्ट नाही, तंतू फाडणाऱ्या एन्झाइमची आहे.

---

जिभाऊ_धुळेकर

ताई, लिहिलंय भारी, पण हाई बठ्ठं पैसा काढानं काम शे. डॉक्टरने तोंडात बघितलं, एक्स-रेमध्ये हाड खाली गेलेलं दिसतंय, पोराच्या आईचे दात हलताहेत. आता गुळणी करून काय वेगळं कळणार? साकऱ्यापासून चाळीसगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे की दात हलला म्हणजे पायरिया.

आणि आमच्या सासऱ्यांचं सांगतो. पंच्याहत्तरी पार, आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ मिश्री घासली, हिरडीतून कधी रक्ताचा टिपूस नाही. पेरू तोडून खातात. त्यांचा मार्कर कुठला?

---

हिरडीवाला

जिभाऊ, पहिल्या मुद्द्याला माझा अर्धा होकार. तापीकाठ यांच्या आईंना आज मार्करची गरज नाही. निदान झालेलं आहे. पण 'काय वेगळं कळणार' याचं उत्तर आहे.

आम्ही बोथट सळई, म्हणजे प्रोब, हिरडीच्या खाचेत घालून मिलिमीटरमध्ये खोली मोजतो. दर दाताला सहा ठिकाणी. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, पुढे पॉकेट. विहिरीत दोर सोडला तर पाणी किती खाली गेलंय ते कळतं, आत्ता उतरतंय की उतरायचं थांबलंय ते कळत नाही, तसंच हे. एक्स-रे तर आणखी मागे. हाडातली ३० ते ५० टक्के खनिजं गेल्याशिवाय साध्या फिल्मवर फरक दिसत नाही. दोन्ही साधनं झालेलं नुकसान सांगतात. चालू असलेलं सांगेल असं काहीतरी हवं, म्हणून मार्करचा सगळा खटाटोप.

ते महत्त्वाचं का, हे तुमच्या सासऱ्यांवरूनच सांगतो. श्रीलंकेच्या चहामळ्यांत हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १९७० पासून पंधरा वर्षं मजुरांच्या हिरड्या तपासल्या. ४८० पुरुष मजूर. ब्रश नाही, डॉक्टर नाही, सगळ्यांच्या दातांवर कीट आणि सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी ११ टक्के लोकांत रोग हिरडीच्या सुजेपुढे सरकलाच नाही. ८१ टक्क्यांत मध्यम गतीने सरकला. उरलेल्या ८ टक्क्यांत इतका झपाट्याने, की पंचेचाळिशीत त्यांचे जवळपास सगळे दात गेले. घाण सगळ्यांची सारखी, नशीब वेगवेगळं. सासरे त्या ११ मधले असतील, चांगलंच आहे. पण पंचविशीतला पोरगा समोर खुर्चीत बसतो तेव्हा तो ११ मधला की ८ मधला, हे मला प्रोब सांगत नाही.

मिश्रीचं मात्र सोडून देत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, पण रोग जास्त असतो. तंबाखूत रक्त न येणं ही तब्येतीची खूण धरू नका. मिश्री, तंबाखू-चुना जिथे धरतात तिथली हिरडी मुळावरून खाली सरकते आणि पांढरा चट्टा येतो, त्याचं पुढे काय होऊ शकतं ते आपल्या भागात मी सांगायला नको. सासऱ्यांना एकदा गालाच्या आत बोट घालून दाखवायला सांगा. चट्टा असला तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

---

जिभाऊ_धुळेकर

सर, तुम्ही विहीर आणली म्हणून गप्प बसतो. बोअरला दोर सोडायची सोय पण राहिली नाही आता. सासऱ्यांना घेऊन येतो.

---

खान्देशकन्या

माझा प्रश्न थोडा वेगळा. सासूबाईंना हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अॅसिडचं सलाईन लावतात. आता एक दाढ काढायची आहे. एका ठिकाणी सांगितलं, आधी सीटीएक्स ही रक्ताची टेस्ट करा, १५० च्या खाली आली तर दाढ काढायची नाही, जबडा सडतो. तर हा 'हाडाचा मार्कर' रक्तातून कसा काय चालतो? वर तर म्हणालात चालत नाही.

---

परीक्षानळी

चांगला प्रश्न. सीटीएक्स हाही हाडाच्या कोलॅजनचाच तुकडा, पण तो अख्ख्या सांगाड्याची मोडतोड किती मंदावलीय ते सांगतो. झोलेड्रोनिकने ती मंदावतेच, औषधाचं कामच ते. जबड्यातल्या त्या जागी काय चाललंय हे त्यातून कळत नाही. १५० पिकोग्रॅमचा उंबरठा २००७ मध्ये मार्क्स या अमेरिकन जबड्याच्या सर्जननी सुचवला होता. पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही, आता एकट्या त्या आकड्यावर निर्णय घेऊ नये असंच म्हणतात.

---

हिरडीवाला

भर घालतो. ठिसूळ हाडांसाठी वर्षाला एक डोस घेणाऱ्यांत जबड्याचं हाड उघडं पडण्याचा धोका दहा हजारांत मोजक्यांना. कॅन्सरसाठी तेच औषध दर महिन्याला घेतात, त्यांच्यात तो कितीतरी जास्त. त्यामुळे दोन्हींची भीती एकच धरू नका. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना औषधाचं नाव, डोस आणि शेवटच्या सलाईनची तारीख लिहून द्या. सुजलेली, पू असलेली दाढ तोंडात तशीच ठेवणं हाही धोकाच आहे.

---

निवासी_दंत

धुळ्यात एमडी​एस करतोय, थिसिस याच विषयावर, म्हणून प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. देशभरातल्या दंत महाविद्यालयांत मार्करवर थिसिस होतात, पेशंटला रिपोर्ट देण्यासाठी नाही. मार्कर मोजायच्या एलायझा किटच्या प्लेटमध्ये ९६ खळगे. स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचे ठाऊक मात्रेचे नमुने, आणि दुहेरी मोजणी धरली तर एका प्लेटवर चाळीसच्या आसपास नमुने बसतात. एका पेशंटसाठी किट फोडायला परवडत नाही. म्हणून पट्ट्या गोळा करून उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या, प्लेटभर झाल्या की एकदम लावायच्या. आईंचा नमुना आज घेतला तर आकडा कदाचित दिवाळीनंतर येईल. तोवर सफाई होऊन पॉकेट भरूनही आलेलं असेल.

आणि फ्रीजर! उन्हाळ्यात लाईट गेली की पहिला फोन घरी नाही, जनरेटरवाल्या मामांना. नमुने एकदा वितळून पुन्हा गोठले की एन्झाइमच्या आकड्यांवर भरवसा राहत नाही. वर्षभराची मेहनत त्या डब्यात असते.

तापीकाठ भाऊ, सफाई करायचीच आहे तर दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो. वेळ जास्त जातो, पोरं शिकत असतात, पण वर सर बघतात.

---

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. आज डॉक्टरांकडून चार्ट मागून घेतला. खालच्या पुढच्या दातांना ६ आणि ७ मिलिमीटर, मागच्या दाढांना ५. तीन महिन्यांची शुगर, एचबीए१सी, ९.१. चार्टवर 'स्टेज ३, ग्रेड सी' असं लिहिलंय. मेव्हण्याची नवी लाईन: आधी शुगर कंट्रोल, मग सफाई, नाहीतर जखम भरणार नाही.

आणखी एक. मेडिकलवाल्याने सांगितलं की डॉक्सीसायक्लिन चालू करा, ते एमएमपी थांबवतं. त्याला कसं माहीत देव जाणे, पण नाव तेच निघालं म्हणून विचारतो.

---

हिरडीवाला

स्टेज म्हणजे किती गेलं, ग्रेड म्हणजे किती वेगाने जाण्याची शक्यता. ही २०१७ च्या जागतिक बैठकीत ठरलेली पद्धत. एचबीए१सी ७ किंवा वर असेल तर ग्रेड थेट सी होते, दिवसाला दहा सिगारेटी ओढणाऱ्याची होते तशीच. म्हणजे बघा, आईंच्या बाबतीत सर्वांत कामाचा बायोकेमिकल मार्कर तुमच्या हातात आहेच. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होतो आणि आकड्याचा अर्थ लावायला बायोकेमिस्ट लागत नाही (परीक्षानळी ताई, माफ करा).

मेव्हण्यांचं उलटंसुलटं झालंय. वाढलेली शुगर हिरडी बिघडवते आणि बिघडलेली हिरडी शुगर वर ठेवते. नीट सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.३ ते ०.५ ने उतरतो असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलंय. म्हणून एकाची वाट बघत दुसरं थांबवायचं नाही. दोन्ही सोबत. फिजिशियनला भेटून औषध वाढवून घ्या आणि सफाईची तारीखही घ्या. शुगर फारच वर, तीनशे-चारशे असेल, तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर स्वतःच थांबवतील.

डॉक्सीसायक्लिनचं मेडिकलवाल्याचं ज्ञान अर्धं खरं. लॉर्न गोलब यांच्या संशोधनातून कळलं की ते जंतू मारण्याच्या मात्रेपेक्षा बरंच कमी दिलं तरी एमएमपीला आवर घालतं. २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अशा गोळीला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. काउंटरवर मिळते ती १०० ची, अँटिबायोटिक मात्रा. ती मनाने महिनोन्‌महिने खाल्ली तर जंतू निर्ढावतील, पोट बिघडेल. आणि २० ची सुद्धा सफाईच्या जोडीला असते, बदल्यात नाही.

---

परीक्षानळी

माफ केलं, खरंच आहे ते. फक्त एवढं की सफाईनंतर पुन्हा तपासणी होईल तेव्हा मार्कर उपयोगी पडला असता. ७ चं पॉकेट ४ वर आलं, पण आत मोडतोड चालू आहे की थांबली? तिथे आयसीटीपी किंवा एमएमपी-८ चा उतरलेला आकडा बोलतो. तो मिळत नसेल तर?

---

हिरडीवाला

तर रक्त. प्रोब घातल्यावर एखाद्या जागी प्रत्येक भेटीत रक्त येत नसेल तर ती जागा स्थिर आहे, हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. उलट मात्र नाही. रक्त आलं म्हणजे हाड जातंयच असं नसतं. तंबाखूवाल्यांना हा नियम लावायचा नाही, ते वर आलंच.

---

तापीकाठ

सोमवारी सकाळी पहिली बैठक ठरली, खालचा जबडा. मेव्हणाच गाडी घेऊन येणार आहे. आईला उपाशीपोटी न्यायचं का? ती आत्तापासूनच विचारतेय.

---

हिरडीवाला

अजिबात नाही. रोजचा नाश्ता, रोजची शुगरची गोळी, वेळ चुकवायची नाही. भूल दिल्यावर दोन-तीन तास ओठ बधिर राहतो, तेव्हा गरम चहा नको आणि गाल चावू नये म्हणून खाणं नंतर. पर्समध्ये साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. आणि आजच्या चार्टची झेरॉक्स जपून ठेवा, तीन महिन्यांनी त्याच सहा-सहा जागा पुन्हा मोजायला सांगा.

---

केळीबाग_रावेर

ओठ बधिर असताना काय खायचं विचारलं तर आमच्याकडे केळी आहेत. पण शुगरचं कसं?

---

हिरडीवाला

अर्धं. आणि बधिरपणा उतरल्यावर.